होडीतले टोमॅटो

“मेमोरियल डेच्या आधी टोमॅटोचं रोप घराबाहेर काढायचं नाही. ऊन कितीही गोड पडलं तरी नाही. ऐकतोयस का, ऑर्व्हिल?”

ऑर्व्हिल सोलबर्ग ऐकत होता. बेचाळीस वर्षं संसार केलेला माणूस जसं ऐकतो, म्हणजे मान हलवत आणि खिडकीबाहेर बघत, तसं ऐकत होता. आर्डिस दवाखान्यातल्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. अशा वेळी माणसं नवऱ्याला जे जे सांगतात, त्यातलं तिने काहीच सांगितलं नव्हतं. ती टोमॅटोचं सांगत होती.

मग तिने पर्समधून एक जुनं पाकीट काढलं. “हे आईच्या वाणाचं बी. नऊच दाणे उरलेत. पहिला लाल झालेला टोमॅटो लव्हॉनला द्यायचा. तू स्वतः जाऊन द्यायचा आणि घेतेस का म्हणून विचारायचं. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं.”

“विचारीन.”

“वचन?”

“वचन,” ऑर्व्हिल म्हणाला. ही गोष्ट नोव्हेंबरची. नाताळाच्या आधी आर्डिस गेली.

लव्हॉन ही आर्डिसची थोरली बहीण. एकोणीस मैलांवर राहायची आणि अकरा वर्षांत घरी आली नव्हती. भांडणाचं कारण सांगायला सुद्धा संकोच वाटावा इतकं लहान होतं. चर्चच्या ऑगस्टमधल्या जेवणात आर्डिसने आपल्या बागेतले लाल टोमॅटो कापून ताटभर मांडले होते. लव्हॉन सगळ्यांच्या देखत म्हणाली, “आपल्याकडे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लाल? दुकानातले दिसतायत.” बस्स, एवढंच. पण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, जिथे दोन हिवाळ्यांच्या मध्ये उन्हाळा जेमतेम अंग चोरून बसतो, तिथे बाईच्या टोमॅटोला दुकानातला म्हणणं म्हणजे तिच्या चारित्र्यावर बोलणं.

पुढे आर्डिसचाच राग आधी निवळला. तिने फोन करून विचारलं, “टोमॅटो पाठवू का गं?” लव्हॉन म्हणाली, “नको, उगाच कशाला त्रास.” पुढच्या वर्षी एका अंत्यविधीत समोरासमोर विचारलं. तेव्हाही, “नको गं, उगाच कशाला.”

आता या भागातली रीत अशी, की कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, कारण आपण हावरट नाही. दुसऱ्यांदा नको म्हणायचं, कारण समोरचा मनापासून विचारतोय की नुसतं तोंडदेखलं, ते कळलं पाहिजे. तिसऱ्यांदा विचारलं की, “बरं, अगदीच थोडं,” असं म्हणून पोटभर घ्यायचं. देवाच्या प्रार्थनेइतकीच पक्की रीत. आर्डिसने दोनदा विचारलं आणि मग तिचा मान आडवा आला. लव्हॉन तिसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिली. दहा वर्षं.

ऑर्व्हिलने आयुष्यात कधी काही पेरलं नव्हतं. जिल्ह्याच्या रस्ते खात्यात तो एकतीस वर्षं हेडक्लार्क होता आणि बागेतलं त्याचं काम म्हणजे आर्डिस सांगेल ते उचलून ती सांगेल तिथे ठेवणं. पण हेडक्लार्कचा कागदावर विश्वास असतो, आणि कागद घरातच होता. कोठीच्या खोलीच्या दाराला आतून आर्डिसने पेन्सिलीने अडतीस वर्षांच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. वसंतात शेवटचं दंव कधी गोठलं, शरदात पहिलं कधी गोठलं. एका गोठल्या पहाटेत टोमॅटोचं रोप काळं पडतं, म्हणून ह्या दोन तारखांच्या मध्ये जे काही लाल व्हायचं ते व्हायला हवं.

फेब्रुवारीतले तीन दिवस ऑर्व्हिल कोठीत स्टुलावर बसून त्या तारखा उतरवत होता. रोज सकाळी कॉफी झाली, एकट्याची का असेना पण डोकं झुकवून प्रार्थना झाली, की कोठीत. सगळ्या तारखांची बेरीज केली, अडतिसाने भागलं, आणि उत्तर आलं: शेवटचं दंव, एकोणीस मे. पहिलं दंव, आठ सप्टेंबर. मेमोरियल डे, म्हणजे मेचा शेवटचा सोमवार, येणार होता एकोणतीस मेला. पाकिटावर सासूबाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं की हा वाण लाल व्हायला फार दिवस घेतो, घाई करू नये. ऑर्व्हिलने पुन्हा आकडे मांडले. आर्डिसचा शब्द पाळावा तर तिला दिलेला शब्द पाळता येईना. वाट पाहिली तर दहा दिवस वाया जात होते.

खात्री करून घ्यायला त्याने जिल्ह्याच्या शेतीसल्ला कार्यालयात फोन लावला.

“मला आमच्या गावातली शेवटचं दंव गोठण्याची तारीख हवी होती.”

“किती टक्क्यांची?” पलीकडची बाई म्हणाली.

“टक्के नकोत. तारीख.”

“तारीख टक्क्यांवर असते, साहेब. दहा टक्क्यांची आहे, पन्नासची आहे, नव्वदची आहे.”

ऑर्व्हिलने विचार केला. दहा म्हणजे फारच भित्रेपणा, नव्वद म्हणजे बेफिकिरी. “मधली द्या,” तो म्हणाला.

“एकोणीस मे.”

आपली बेरीज सरकारशी जुळली याचा त्याला इतका आनंद झाला, की पन्नास टक्के म्हणजे दर दोन वर्षांतून एकदा त्या तारखेनंतरही दंव गोठतं, हे बाईचं पुढचं वाक्य त्याच्या कानावरून गेलं.

“आणि घर रस्त्याच्या कुठल्या अंगाला?” बाईने विचारलं.

“उत्तरेच्या.”

“मग तुम्ही थंडीच्या तिसऱ्या पट्ट्यात. दक्षिणेला असतात तर चौथ्यात, तो जरा उबदार. नकाशावरची रेघ तुमच्या रस्त्यावरून जाते.”

समोर क्लिफर्ड न्यूबर्ग राहायचा. ऑर्व्हिलने ही गंमत त्याला सांगितली आणि लगेच पस्तावला. त्या दिवसापासून क्लिफर्ड अंगणात नुसत्या शर्टावर उभा राहू लागला. “तुमच्याकडे गारठा असेल ना अजून?” तो रस्त्यापलीकडून ओरडायचा. “आमच्याकडे जरा ऊब आहे. चौथा पट्टा!”

मार्चमध्ये ऑर्व्हिलने नऊ दाणे आइस्क्रीमच्या नऊ रिकाम्या डब्यांत पेरले. शेजारची व्हर्ना स्कोग, आर्डिसची जिवाभावाची मैत्रीण, म्हणाली की बियांना खालून ऊब लागते. ऑर्व्हिलने आर्डिसची कंबर शेकायची विजेची गादी काढली. जितकी जास्त ऊब तितकं बरं, असं मनाशी धरून बटण शेवटच्या खुणेवर फिरवलं. दोन डबे गादीच्या मधोमध होते. चार दिवसांनी व्हर्नाने त्यातल्या मातीत बोट घातलं आणि झटकन काढून घेतलं.

“ऑर्व्हिल, तू हे पेरलंस की शिजवलंस?”

नवाची सात झाली. पण ती सात रोपं मात्र गुणी निघाली. ऑर्व्हिल रोज त्यांना खिडकीत फिरवून ठेवायचा. एका अंगाने वाकू नयेत म्हणून. कुणी बघत नसेल तर दोन शब्द बोलायचाही.

मे उजाडला. ऑर्व्हिलने अभ्यास करून ठरवलं होतं की मागच्या बागेत लावायचंच नाही. गार हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि मागची जागा खोलगट आहे. वाफा पुढे करायचा, रस्त्याच्या कडेला. डांबर दिवसभर तापतं आणि रात्री ती ऊब सोडतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत रस्त्याने त्याला पहिल्यांदाच काही परत द्यायचं ठरवलं होतं.

वीस मे. आदल्या दिवशी सरकारी तारीख उलटून गेली होती. ऊन असं गोड पडलं होतं की काय सांगावं. ऑर्व्हिल गुडघ्यांवर बसून आळी करत होता तेव्हा व्हर्ना कुंपणाशी आली.

“मेमोरियल डे झाला का रे? मला कसं कळलं नाही?”

“सरासरी काढलीय मी,” ऑर्व्हिल म्हणाला. “अडतीस वर्षांची.”

“आर्डिस काय म्हणायची?”

ऑर्व्हिलने माती जरा जास्तच जोरात दाबली. “तिच्याच तारखा आहेत.”

व्हर्ना पुढे बोलली नाही. त्या भागात माणसं रागावली की बोलत नाहीत, आणि काळजीत असली तरी बोलत नाहीत, त्यामुळे कोणतं काय ते ओळखायला बरीच वर्षं जावी लागतात.

सव्वीस मेला, शुक्रवारी पहाटे, दंव गोठलं. सकाळी ऑर्व्हिल चपला अडकवून बाहेर आला तर गवतावर पिठीसाखर भुरभुरवल्यासारखं. दुपारपर्यंत सातांतली तीन रोपं काळी पडून आडवी झाली. रस्त्याला खेटून असलेली चार तेवढी वाचली. म्हणजे डांबराचं गणित बरोबर होतं. चूक फक्त तारखेची होती.

सोमवारी मेमोरियल डेला सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला गेलं. ऑर्व्हिल जिरॅनियमची कुंडी घेऊन आर्डिसपाशी उभा राहिला. “चार राहिलीत,” त्याने हळूच सांगितलं. मग टोपी हातात फिरवत जरा वेळ थांबला. 

यानंतर सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण जून महिन्यात दाराला पिवळी चिठ्ठी लागली. रस्ते खात्याची नोटीस. रस्त्याच्या हद्दीत दोन फुटांहून उंच वाढणारी कोणतीही लागवड करण्यास मनाई असून, दहा दिवसांत ती हलवावी.

ऑर्व्हिलचा स्वाभिमान दुखावला. इस्त्रीचा शर्ट घालून, निवृत्तीच्या वेळी मिळालेलं घड्याळ बांधून तो आपल्याच जुन्या कार्यालयात गेला. खिडकीपाशी टॅमी होती. तिला फाइल कशी लावायची ते त्यानेच शिकवलं होतं.

“या, सोलबर्ग सर! कॉफी घेता?”

“नको, नको.”

“घ्या हो थोडी.”

“नको, उगाच कशाला.”

“अहो, केलेलीच आहे.”

“बरं, अगदीच अर्धा कप.” कॉफी घेऊन त्याने नोटीस टेबलावर ठेवली. “टॅमी, हा नियम कुठल्या शहाण्याने केला? दोन फुटांचं झुडूप कुणाच्या वाटेत येतं?”

टॅमीने कपाटातून नियमांचं बाड काढलं, पान उघडलं आणि ते त्याच्याकडे फिरवण्याआधी उगाचच स्टेपलर सरळ केला. “सर, हे तुम्हीच टाइप केलेलं आहे. खाली तुमची सही आहे. आणि समासात तुम्ही लिहिलंय, ‘भाजीपाला धरून’. त्याच्याखाली रेघही मारलीय.”

ऑर्व्हिलने चष्मा काढून पुसला. “भाषा चांगली आहे,” तो शेवटी म्हणाला.

“आम्ही अजून तीच वापरतो, सर.”

आता जावं कुठे? मागे खोलगट जागा, पुढे स्वतःची सही. ऑर्व्हिलने चारही रोपं मोठ्या बादल्यांमध्ये हलवली. दिवसा उन्हात आणि गार रात्री गॅरेजमध्ये असा बेत. भरलेली बादली दुसऱ्यांदा उचलताना कंबरेतून कळ आली आणि विजेची गादी पुन्हा मूळ कामाला लागली. पडल्या पडल्या त्याला गॅरेजमधली मासेमारीची होडी आठवली. चाकांच्या ट्रेलरवर पत्र्याची चौदा फुटी होडी, गेल्या वर्षापासून पाणी न पाहिलेली. चार बादल्या एकदाच कशाबशा होडीत चढवायच्या, पिकअपला ट्रेलर जोडायचा, सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. इतकी साधी युक्ती आपल्याला सुचली म्हणून त्याला स्वतःचं कौतुक वाटलं.

गावाला मात्र कौतुकापेक्षा करमणूक जास्त झाली. “काय रे, लागतंय का काही गळाला?” क्लिफर्ड रोज विचारायचा. रोज तेच, आणि रोज स्वतःच हसायचा. “माझ्या अंगणात आणून लाव होडी, फुकटात चौथा पट्टा मिळेल!”

जुलैतल्या एका रविवारी तर ऑर्व्हिल प्रार्थनेचं पुस्तक शोधण्याच्या नादात ट्रेलर सोडवायचाच विसरला. गाडी चर्चकडे निघाली आणि मागोमाग होडी, होडीत चार टोमॅटो. हमरस्त्यावर वाऱ्याने एक रोप मुळापासून मोडलं. चर्चच्या पायऱ्यांवर उभी असलेली मंडळी त्या वरातीकडे बघत राहिली. पाद्रीबाईंनी उपदेशात नोहाच्या तारवाचा दाखला दिला. त्यांनी तो आधीच ठरवला होता असं त्या नंतर शपथेवर सांगत होत्या.

त्याच दिवशी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना व्हर्नाने बातमी सांगितली. लव्हॉनने घर विकायला काढलं होतं. दरवर्षी हिवाळ्यापुरती मुलीकडे ॲरिझोनाला जायची, आर्डिस गेली तेव्हाही तिथेच होती; यंदा सप्टेंबर संपता संपता कायमची चालली.

ऑर्व्हिलने बशीतला केक तसाच ठेवला. “कायमची?”

“गुडघे दुखतात म्हणे. तू काही बोलला होतास का तिच्याशी?”

“अजून लाल झालेला नाही,” ऑर्व्हिल म्हणाला.

व्हर्नाला सगळं ठाऊक होतं. आर्डिसनेच सांगितलं होतं. शेजारी क्लिफर्ड दुसरा केक संपवत होता, तो म्हणाला, “एवढं काय? दुकानातून एक चांगला लालबुंद घे आणि दे नेऊन. तिला काय कळणार आहे?”

ऑर्व्हिल हा पाच मैलांवरूनही कुणाला न दुखवणारा माणूस. पण तो कप ठेवून उठला. “क्लिफर्ड,” तो म्हणाला, “हे तू बोललास असं मी कुणाला सांगणार नाही.” त्या भागात याहून कडक बोलणं फारसं ऐकायला मिळत नाही. क्लिफर्डला दोन दिवस जेवण गेलं नाही.

ऑगस्ट भरात आला. तीन रोपं माणसाच्या छातीएवढी झाली आणि होडीवर ती काठ्यांना बांधलेली उभी राहिली की लांबून तीन म्हातारे मासे धरायला बसल्यासारखे दिसत. हिरवे टोमॅटो धरले. ऑर्व्हिल रोज सकाळी प्रार्थना झाली की होडीत चढायचा आणि एकेक टोमॅटो बोटाने फिरवून बघायचा. नेम चुकला नाही. हिरवे ते हिरवेच.

अठ्ठावीस ऑगस्टला दुपारी रेडिओने सांगितलं, पहाटे पारा बत्तिसाच्या खाली जाणार. फॅरेनहाइटमध्ये बत्तीस म्हणजे पाणी गोठायचा आकडा. कोठीच्या दारावरच्या सरासरीत अजून अकरा दिवस होते. ऑर्व्हिलने रेडिओकडे असं पाहिलं, जणू तो अर्ज न करताच आत आला होता.

होडी आत घ्यायला त्याने गॅरेजचं दार वर ओढलं आणि तिथे कळलं. ट्रेलरची उंची, त्यावर होडी, होडीत बादली, त्यावर रोप. दार दोन फुटांनी खुजं पडत होतं. महिनाभर रात्री उबदार होत्या, होडी बाहेरच राहिली होती आणि रोपं मजेत वाढली होती. आणि आता त्या बादल्या उतरवायच्या तर त्याची कंबर तयार नव्हती.

सूर्य उतरणीला लागला होता. व्हर्ना कुंपणापाशी आली. तिचा नवरा शेतकरी होता आणि त्याची कापणीची अजस्र यंत्रं ठेवायची शेड तिच्या घरामागे रिकामी पडून होती. दार असं, की चर्च आत जावं.

“ऑर्व्हिल, आण ना माझ्या शेडमध्ये. होडीसकट जाईल.”

ऑर्व्हिलच्या मनात पहिल्या क्षणी आलं, सुटलो. आणि तोंडातून आलं, “नको नको, उगाच तुला त्रास.”

“त्रास कसला? नुसती उभी तर करायची.”

“नको गं, झाकतो मी चादरींनी. होईल.”

व्हर्ना जरा थांबली. ऑर्व्हिलही थांबला. ‘बरं, आणतो’ हे शब्द जिभेवर तयार ठेवून तो तिसऱ्या विचारण्याची वाट बघू लागला. व्हर्नाने कोटाची गुंडी लावली, आकाशाकडे पाहिलं, “बघ मग,” म्हणाली आणि सावकाश निघून गेली.

तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. हाक मारायला काय लागतं? एक नाव. पण सत्तर वर्षांचं वळण आडवं आलं. दिलेलं दोनदा नाकारून आपण होऊन मागायचं, हे त्याच्या आईने, आजीने, पाद्र्याने, कुणीच शिकवलं नव्हतं. बंद झालेल्या फाटकाकडे बघता बघता त्याला लव्हॉनचं स्वयंपाकघर आठवलं. तिथला भिंतीवरचा फोन. आणि फोनशेजारची खुर्ची.

मग त्याने घरातल्या चादरी काढल्या. पाहुण्यांसाठीची, वाढदिवसाचा टेबलक्लॉथ, सगळं. दोन रोपं झाकून झाली तेव्हा कापड संपलं. तिसऱ्यासाठी तो कपाटापाशी गेला. आर्डिसचा लोकरीचा निळा कोट तिथे लटकत होता. गरजूंना द्यायच्या कपड्यांत तो चारदा घातला होता आणि चारदा परत काढला होता. त्याने तो कोट बाहेर नेला, रोपाच्या दोन्ही अंगांनी ओढून घेतला आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या गुंड्या लावल्या.

सकाळी चादरी ताठ झाल्या होत्या. होडीच्या पत्र्याने खालून गारठा पोचवला आणि पातळ कापडाने वरून आत घेतला. दोन रोपं गेली. समोर क्लिफर्ड आपल्या काळ्या पडलेल्या घेवड्यापाशी कोट घालून उभा होता. चौथ्या पट्ट्याचा नकाशा दंवाने वाचलेला दिसत नव्हता. “ऑर्व्हिल,” त्याने हलक्या आवाजात विचारलं, “तुझं किती राहिलं?” पहिल्यांदाच त्याने माशांचं विचारलं नाही.

ऑर्व्हिलने निळ्या कोटाच्या गुंड्या सोडल्या. आतलं रोप हिरवंगार होतं. आणि कोटाच्या खिशाच्या आडोशाला एक टोमॅटो, देठाशी किंचित नारिंगी.

व्हर्ना गरम डबा घेऊन आली. होडीकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले.

“तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस,” ऑर्व्हिल म्हणाला. आयुष्यात इतकं उघड तो प्रथमच बोलत होता.

“मी पाच मिनिटं फाटकाशी उभी होते, मूर्खा. तू हाक मारशील म्हणून.”

मग व्हर्ना डबा पुढे करून म्हणाली, “हे घे. आणि मी एकदाच विचारणार आहे.”

“दे,” ऑर्व्हिल म्हणाला. शब्द जरा अडखळला, पण आला.

नारिंगी टोमॅटो त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. सफरचंदासोबत कागदी पिशवीत ठेव, लवकर पिकेल, असा सल्ला चौघांनी दिला. त्याने तो मानला, पण पिशवीचं तोंड उघडं ठेवलं, कारण टोमॅटोलाही बाहेरचं दिसलं पाहिजे असं त्याला वाटत होतं. रोज प्रार्थना झाली की तो टोमॅटो पाव फेरा फिरवायचा. मग कोठीत जाऊन दारावर आर्डिसच्या शेवटच्या ओळीखाली बघायचा. तिथे आता त्याच्या अक्षरात दोन तारखा होत्या: सव्वीस मे, एकोणतीस ऑगस्ट. सरासरी त्याने पुसून टाकली होती.

सोळा सप्टेंबरला सकाळी टोमॅटो लाल होता. एका बाजूला चट्टा होता, आकार जरा वेडावाकडा होता, पण दुकानातला आहे असं शत्रूनेही म्हटलं नसतं.

ऑर्व्हिलने इस्त्रीचा शर्ट घातला. आर्डिसच्या छोट्या टोपलीत टॉवेलची घडी घातली, वर टोमॅटो ठेवला. टोपली पिकअपच्या बाजूच्या सीटवर ठेवून पट्टा बांधला. मग आत जाऊन कॉफीचा थर्मास आणि मासेमारीची घडीची खुर्ची घेऊन आला.

व्हर्ना कुंपणाशी होतीच. “खुर्ची कशाला?”

“दार उघडलं नाही तर अंगणात बसायला.”

“आणि उघडून नको म्हणाली तर?”

ऑर्व्हिलने यावर आठवडाभर विचार केला होता. “आर्डिसचं दोनदा विचारणं ते आर्डिसचं. हा टोमॅटो मी नेतोय. तिचं ते पहिलं नको धरीन. अंगणात कॉफी पिईन आणि परत विचारीन. मग परत.”

मागे ट्रेलर जोडलेला नाही ना, हे त्याने खाली उतरून एकदा बघितलं. समोरून क्लिफर्डने तोंड उघडलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, नुसती टोपी उचलली.

हमरस्त्याला लागल्यावर मागच्या गाड्या एकेक करून पुढे निघून गेल्या. ऑर्व्हिल कडेकडेने, टोमॅटोला धक्का बसू नये इतक्या बेताने चालला होता आणि ओठांतल्या ओठांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता. घेतेस का. घेतेस का गं, लव्हॉन.